टळलेला प्रलय आणि न आलेला प्रलय

माझ्या आत्याचे कॉलेज अष्टग्रहीत बुडाले. आमच्या घरी हे वाक्य विनोद म्हणून सांगतात, आणि आत्याही त्यावर हसते. हकिकत अशी, की १९६२ च्या मार्चमध्ये ती मॅट्रिकला बसणार होती. पुढच्या शिक्षणासाठी आजीने पोस्टाच्या पुस्तकात दीडशे रुपये साठवले होते. जानेवारीअखेर आजीने ते काढले आणि जवळच चाललेल्या एका शांतियज्ञाला देऊन टाकले. जगच राहणार नसेल तर कॉलेज कसले, असा तिचा सरळ हिशेब होता. जग राहिले. आत्या जूनपासून पुस्तकबांधणीच्या कामाला लागली.

जगबुडीच्या भाकितांवर विश्वास ठेवावा का, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक सुशिक्षित माणसे 'अर्थातच नाही' असे देतात. मला ते उत्तर अपुरे वाटते. आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात १२ जुलै १९६१ रोजी पुराचे पाणी शिरले, तेव्हा पानशेतच्या धरणाबद्दल कुणी वेळेवर सांगितले असते आणि आजीने त्यावर विश्वास ठेवला असता, तर संसार वाचला असता. तेव्हा प्रश्न विश्वास ठेवण्या-न ठेवण्याचा नाही, भाकीत वाचायचे कसे याचा आहे. म्हणून या लेखात भाकीत हा एक वाङ्मयप्रकार मानून मी त्याची तपासणी करणार आहे.

तारीख नेमकी, संकट मोघम

३ ते ५ फेब्रुवारी १९६२ या काळात रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू असे आठ ग्रह मकर राशीत आले. हे गणित चोख होते. चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस राहतो. म्हणून या योगाची मुदतही तेवढीच होती. केतू हा गोल नसून चंद्राचा मार्ग आणि रवीचा मार्ग जिथे छेदतात तो बिंदू आहे. रवी, चंद्र आणि हा बिंदू जवळ आले की ग्रहण होणारच, आणि त्या अमावास्येला खग्रास सूर्यग्रहण झालेही. ते दिसले मात्र दूर पॅसिफिकच्या बाजूला.

इथवर खगोलशास्त्राला काही हरकत घेता येणार नाही. गोम पुढच्या पायरीत आहे. 'ग्रह जमतील' या वाक्याला 'म्हणून अनर्थ होईल' हे वाक्य जोडले गेले, आणि पहिल्या वाक्याचा नेमकेपणा दुसऱ्याने फुकटात वापरला. कोणता अनर्थ? कुणी भूकंप म्हणे, कुणी युद्ध, कुणी जलप्रलय. नेहरूंनी या भीतीची उघड थट्टा केली, तरी देशभर यज्ञ झाले, होम झाले.

हा प्रकार आपल्याकडचाच आहे असे समजायचे कारण नाही. १५२४ च्या फेब्रुवारीत ग्रह मीन राशीत जमणार, हे श्टोफलर या जर्मन गणितज्ञाच्या १४९९ च्या पंचांगात आधीच आले होते. मीन ही जलराशी. तेव्हा युरोपभर पुस्तिका निघाल्या त्या महापुराच्या. संकट कोणते यायचे हे निसर्गाने नव्हे, राशीच्या नावाने ठरवले.

तारीख नेमकी आणि संकट मोघम ठेवले की भाकिताला एक सोय मिळते. फेब्रुवारीत काही झाले नाही. पण २० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला तेव्हा 'बघा, अष्टग्रही!' म्हणणारी माणसे आमच्या गल्लीतही होती. आठ महिन्यांचा उशीर कुणालाच खटकला नाही. मोघम शब्दात कोणतेही संकट बसते, आणि जगात संकटांचा तुटवडा कधीच नसतो.

भय आधी, भाकीत नंतर

माणसे असे का मानतात याचे सर्वांत गाजलेले उत्तर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांचे आहे. त्यांच्या विचाराचे एक मूळ भारतात आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. त्यानंतर ज्या भागात धक्का जाणवला पण पडझड झाली नाही, तिथे उठलेल्या अफवा जमुना प्रसाद यांनी टिपून ठेवल्या आणि १९३५ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा भूकंप होणार, अशा त्या अफवा होत्या. फेस्टिंजरना पडलेला प्रश्न साधा होता: घाबरलेली माणसे आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का पसरवतात? त्यांचे उत्तर असे, की या अफवा भीती निर्माण करत नव्हत्या, असलेल्या भीतीला कारण पुरवत होत्या. छाती धडधडते आहे आणि भोवती तर सगळे शाबूत आहे, ही विसंगती मनाला सोसत नाही. मग 'अजून यायचे आहे' असे म्हटले की जुळते. उलट, दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगच्या दरडींनंतर अफवा तपासल्या, तेव्हा प्रत्यक्ष विध्वंस पाहिलेल्या लोकांत पुढच्या प्रलयाच्या वार्ता आढळल्या नाहीत.

फेस्टिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे 'व्हेन प्रॉफेसी फेल्स' हे पुस्तक १९५६ चे. शिकागोजवळ राहणाऱ्या एका बाईंना, ज्यांना पुस्तकात मॅरियन कीच हे टोपणनाव दिले आहे, परग्रहावरून संदेश येत. २१ डिसेंबर १९५४ ला महापूर येणार आणि त्याआधी मध्यरात्री तबकडी येऊन निवडक लोकांना नेणार, असा तो निरोप होता. त्या रात्री मंडळींनी कपड्यांतले धातू, अगदी चेनसुद्धा, काढून टाकले आणि वाट पाहिली. कुणी आले नाही. पहाटे पावणेपाचला नवा संदेश आला: या छोट्या गटाने इतका प्रकाश पसरवला, की देवाने जग वाचवले. आणि एरवी पत्रकारांना टाळणाऱ्या याच मंडळींनी वर्तमानपत्रांना फोन करायला सुरुवात केली.

पुस्तक आजही कादंबरीसारखे वाचले जाते. पण त्याच्याबद्दल माझ्या दोन तक्रारी आहेत. पहिली पद्धतीची. अभ्यासक स्वतःची ओळख लपवून या गटात शिरले होते, आणि शिरण्यासाठी एकीने पुराचे स्वप्न पडल्याची बनावट हकिकत सांगितली. गटाने ती खूण मानली. म्हणजे श्रद्धा कशी टिकते हे पाहायला आलेल्यांनीच तिला खतपाणी घातले. मूठभर माणसांच्या गटात अशी भर क्षुल्लक म्हणता येत नाही.

दुसरी तक्रार माझ्या घरातून येते. फेस्टिंजरच्या नियमाप्रमाणे आजीला अष्टग्रहीची गरजच पडायला नको होती. तिची पडझड खरी होती. भिंतीवर पुराची रेघ होती. दार्जिलिंगच्या लोकांसारखे तिने गप्प बसायला हवे होते. हे मी एकदा आत्याला समजावून सांगितले. ती म्हणाली, "अरे, पानशेतच्या वेळी आम्हाला कुणी काही सांगितलंच नव्हतं. आदल्या रात्री तिकडे जवान वाळूची पोती रचत होते आणि आम्ही इकडे झोपलो होतो. या वेळी निदान कुणीतरी तारीख तरी सांगत होतं. आईला तेवढं पुरलं."

मला हे फेस्टिंजरच्या पुढचे वाटते. भाकीत केवळ भीतीला कारण देत नाही. ते भित्र्या माणसाला आगाऊ कळवल्याचा मान देते. ज्यांना खऱ्या संकटाची पूर्वसूचना मिळालेली नसते, ते खोट्या पूर्वसूचनेचे सर्वांत चांगले गिऱ्हाईक होतात.

शास्त्रज्ञांची भाकिते

अशी भाकिते फक्त ज्योतिषी आणि संदेशवाल्या बायाच करतात असे म्हणून सुटका नाही. पॉल एर्लिख हे जीवशास्त्रज्ञ. त्यांच्या 'द पॉप्युलेशन बॉम्ब' (१९६८) या पुस्तकात १९७० च्या दशकात कोट्यवधी माणसे उपासमारीने मरतील असे ठामपणे लिहिले होते. त्याचे पहिलेच प्रकरण दिल्लीत घडते. उकाड्याची रात्र, टॅक्सी, रस्त्यावर माणसेच माणसे. लोकसंख्येचा प्रश्न आपल्याला बुद्धीने आधीच कळला होता, भावनेने कळला तो त्या रात्री, असे लेखकाचे म्हणणे आहे. ही कबुली प्रामाणिक आहे, पण समीक्षकाने तिथेच थांबून पाहिले पाहिजे. टॅक्सीच्या काचेतून दिसलेल्या गर्दीची भीती आधी आली आणि आकड्यांनी नंतर तिला आधार दिला. बिहारच्या अफवांचीच ही घडण आहे.

त्याच्या एक वर्ष आधी पॅडॉक बंधूंचे 'फॅमिन १९७५!' आले होते. युद्धभूमीवर डॉक्टर जखमींची वर्गवारी करतात तशी देशांची करावी, आणि वाचण्यापलीकडे गेलेल्यांवर धान्य वाया घालवू नये, असा त्यांचा सल्ला. भारत त्यांनी वाचण्यापलीकडच्यांत टाकला होता.

पुढे महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ पडला. हाल झाले, गुरे गेली, गावे रिकामी झाली. पण भाकितातला महामृत्यू आला नाही. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती आणि त्यांच्या हातात मजुरी पडत होती. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. मेक्सिकन गव्हाचे बियाणे तर ही पुस्तके गाजण्यापूर्वीच भारतात येऊन पोचले होते. 'आम्ही इशारा दिला म्हणून टळले' असे म्हणायला इथे फारशी जागा नाही.

या दोन पुस्तकांपासून मला मिळालेली कसोटी अशी: भाकीत चुकले तर किंमत कोण मोजणार? पॅडॉक बंधूंचा सल्ला मानला गेला असता आणि तो चुकीचा निघाला असता, तर मरणारे इथले होते, लिहिणारे तिकडचे. अष्टग्रहीत किंमत यज्ञ करणाऱ्यांनी मोजली नाही, सोळा वर्षांच्या मुलीने मोजली.

एकाच घाटाची तीन वाक्ये

आता सर्वांत अवघड भाग. ५ फेब्रुवारीनंतर लोक म्हणाले, 'यज्ञ केले म्हणून टळले.' कीचबाईंचा गट म्हणाला, 'प्रकाश पसरवला म्हणून टळले.' आणि ओझोनचा थर सावरू लागल्यावर शास्त्रज्ञ म्हणाले, 'करार केला म्हणून टळले.' तिन्ही वाक्यांचा घाट एकच. तिसरे मानायचे आणि पहिली दोन हसण्यावारी न्यायची, हा आपला पक्षपात तर नव्हे?

नव्हे, पण कारण दाखवावे लागेल. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी सांगितले, की फ्रिज आणि फवाऱ्यांतली क्लोरोफ्लुरोकार्बन रसायने वर जाऊन फुटतात आणि त्यांतला क्लोरीन ओझोन नष्ट करतो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरची घट मोजली गेली. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. त्या रसायनांचे उत्पादन घटले, हवेतले त्यांचे प्रमाण हळूहळू उतरू लागले, त्यामागोमाग थर सावरण्याच्या खुणा दिसू लागल्या. कारण आणि परिणाम यांच्यामधला प्रत्येक दुवा वेगळा मोजता येतो. एखादा दुवा तुटला असता तर भाकीत तिथेच पडले असते. यज्ञ आणि न आलेला प्रलय यांच्यामध्ये मोजण्याजोगे काहीच नाही. एक प्रलय टळला. दुसरा मुळात येणारच नव्हता. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, कारण दोन्हीकडे शेवटी काही घडत नाही. म्हणून शेवट पाहून निवाडा करता येत नाही, मधले दुवे पाहावे लागतात.

दुसरी खूण मागणीची. भाकीत ऐकणाऱ्याला काय करायला सांगते? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. त्या परिसरात १९९२ च्या ऑक्टोबरातच धक्के बसले होते. त्यावरून तारीख कुणालाही सांगता आली नसती. भूकंपाची तारीख आजही सांगता येत नाही, आणि लहान धक्क्यांनंतर पुष्कळदा काहीच होत नाही. पण दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद धक्क्यात माणसाला गाडते, हे सांगता येण्यासारखे होते. खरा इशारा बहुधा असाच असतो: त्याला तारीख नसते, पण हाताला काम असते. भिंतीला बांध घाला, माळवद हलके करा, सांडवा मोकळा ठेवा. त्यात थरार नाही. बहुधा म्हणूनच तो कुणाच्या तोंडी राहत नाही. खोट्या भाकिताजवळ तारीख असते, आणि करायला असते फक्त वाट पाहणे किंवा दान.

म्हणून माझे उत्तर असे, की तारखेवर विश्वास ठेवू नये, दुव्यांवर ठेवावा. आणि ज्याचे दुवे दिसतात त्या इशाऱ्याला 'आणखी एक अष्टग्रही' म्हणून झटकू नये. थट्टा करण्याची सवयही आंधळी होऊ शकते. न आलेल्या दहा प्रलयांची गंमत सांगणारा माणूस अकराव्या वेळी धरणाखालीच राहत असतो.

आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. राशिभविष्याचे पान ती उलटून टाकते. नास्तिक म्हणून नव्हे, "त्यात काही समजत नाही" म्हणून. पण जुलै लागला की खडकवासल्यातून मुठेत किती क्युसेक पाणी सोडले ते रोज सकाळी चष्मा लावून वाचते, आणि आकडा वाढला की मला फोन करते. मी नदीपासून चांगला चार किलोमीटर लांब राहतो. तिला ते माहीत आहे. तरी मी फोन घेतो, आणि आकडा नीट ऐकून घेतो.