शेटजींचे इलेक्शन आणि आमचे पावतीपुस्तक

मराठीत खरी राजकीय कादंबरी आहे काय, या विषयावर आपल्याकडे परिसंवाद पुष्कळ झाले. त्यांत अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' (१९७२) आणि 'सिंहासन' (१९७७) या कादंबऱ्यांची नावे हटकून निघतात. चित्रपटांकडे विषय वळला की 'सामना' (१९७५) आणि 'सिंहासन' (१९७९) येतात. मग राजकारण किती सडले आहे यावर वक्त्यांचे एकमत होते आणि चहापान होते. मी सांगलीकडचा एक शिक्षक. अशा चर्चा ऐकताना एक गोष्ट मला कायम खटकत आली आहे. निवडणुकीला पैसा लागतो हे या कलाकृतींना ठाऊक आहे. पण तो कोणत्या वाटेने येतो, कुणाच्या हातून वाटला जातो आणि वाटणारा त्या बदल्यात काय ठरवतो, हे विचारावेसे त्यांना वाटलेले नाही. आणि ज्याच्यासाठी हा प्रश्न जीवनमरणाचा आहे, तो आमचा माणूस या चित्रात एक तर प्रेत म्हणून येतो, नाहीतर मोर्चातला चेहरा म्हणून.

'सामना'पासून सुरुवात करतो, कारण तो आमच्या मुलखाला जवळचा. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन. सहकारी साखर कारखान्याच्या जोरावर पंचक्रोशीचा मालक झालेला हिंदुराव धोंडे पाटील, दारूच्या आहारी गेलेला एके काळचा ध्येयवादी मास्तर, आणि नाहीसा झालेला मारुती कांबळे. त्या माणसाचे काय झाले, हे मास्तर विचारत राहतो. निळू फुले आणि श्रीराम लागू यांनी तो सामना असा उभा केला की पन्नास वर्षांनंतरही तो प्रश्न लोकांच्या तोंडी आहे. सहकाराचे पोवाडे गायचे ते दिवस होते. त्या काळात कारखानदाराला पडद्यावर आरोपी म्हणून उभे करायला धैर्य लागते, हे मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे.

पण सामना कुणाकुणाचा आहे? हिंदुरावाचा आणि मास्तराचा. सत्तेचा आणि विवेकाचा. कांबळे हे आडनाव आमच्याकडे बहुधा कुठल्या वस्तीत सापडते, हे सांगली-साताऱ्याच्या प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. त्या माणसाची गोष्ट इतरांच्या आठवणींतून आपल्याला कळते, आणि तिचे काम मास्तराच्या विवेकाला जाग आणण्यापुरते आहे. तरी माझा मुख्य आक्षेप हा नाही. तो अधिक साधा आहे. मास्तर खुनाचा जाब विचारतो. कारखान्याचा हिशेब विचारत नाही. पुढाऱ्याची सद्दी संपते, प्रेक्षक मोकळा श्वास घेऊन घरी जातो, आणि कारखाना मात्र जागेवरच राहतो. पुढच्या इलेक्शनला तो दुसऱ्या हिंदुरावाच्या उपयोगी पडणारच.

कृष्णाकाठचा कारखाना म्हणजे साखर काढायचे यंत्र एवढेच जो समजतो, तो माणूस परमुलखातला समजावा. वसंतदादा पाटलांचा सांगलीचा कारखाना, राजारामबापू पाटलांचा वाळव्याचा, किसन वीरांचा भुईंजचा: ही नावे घेतो ती कुणावर वैयक्तिक ठपका ठेवण्यासाठी नव्हे. दादा आणि आबा यांनी तर बेचाळीसच्या लढ्यात तुरुंग फोडून बाहेर येण्याचे धाडस केले. त्यांच्या हयातीत या माळरानावर उभे राहिलेले वैभव खरे आहे. मी बोलतो आहे ते यंत्रणेविषयी, आणि यंत्रणेला पक्ष नसतो. राजारामबापू काँग्रेस सोडून जनता पक्षात गेले तरी वाळव्यात राजकारणाचा आस कारखानाच राहिला.

ही यंत्रणा कशी चालते? निवडणूक जाहीर झाली की पक्षाचे निवडणूक मंडळ तिकिटे वाटते, जिल्हा समिती ठराव करते, आणि तेवढे वर्तमानपत्रात छापून येते. खरी समिती कारखान्याच्या विश्रामगृहावर बसते. जीपगाड्या तिथल्या, डिझेल तिथल्या पंपावरचे, गावोगावी मतदार याद्या घेऊन हिंडणारी पोरे शेती खात्यातली चिटबॉय आणि हंगामी कामगार. एरवी उसाच्या नोंदी करणारा तोच पोरगा आता घरटी मतांची नोंद करतो. कुणाचा ऊस किती, कुणाची मुलगी लग्नाची, कुणाचे कर्ज सोसायटीत थकलेले, हे त्याला वहीत न पाहता सांगता येते. आणि निकालानंतर विरोधात गेलेल्याची तोड लांबते. फडात ऊस वाळतो, वजन घटते. लाच द्यावी लागत नाही आणि धमकीही द्यावी लागत नाही. पाळीच्या चिठ्ठीत दोन्ही असतात. यातला एक रुपया उमेदवाराच्या खर्चाच्या हिशेबात दिसत नाही, कारण तो रुपया उमेदवाराने खर्च केलेलाच नसतो.

आता कायद्याकडे पाहू. या बाबतीत आपले टीकाकार फार उदासीन. कंपन्यांनी राजकीय पक्षांना देणग्या देण्यावर १९६९ साली बंदी आली आणि १९८५ साली ती उठली. मधली सोळा वर्षे देशभर चर्चा चालली ती शेठ-भांडवलदारांच्या काळ्या पैशाची. पण ती बंदी कंपन्यांवर होती, आणि सहकारी साखर कारखाना ही कंपनी नव्हे. शिवाय त्याला पक्षाच्या नावाने देणगी लिहायची गरजच काय? त्याची देणगी चाकांवरून फिरते आणि विश्रामगृहात जेवते. दुसरी गोष्ट. ऑक्टोबर १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता यांच्या खटल्यात म्हटले की, पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच मर्यादेत धरला पाहिजे. त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढून तो निकाल पुसून टाकला. उमेदवाराचे हात बांधलेले, पक्षाचे मोकळे. 'सामना' आला तो यानंतर काही महिन्यांनी. म्हणजे एका बाजूला पडद्यावर एकटा दुष्ट पाटील पराभूत होत होता, आणि दुसऱ्या बाजूला दिल्लीत त्या पाटलाची थैली कायदेशीर होत होती. २००३ च्या दुरुस्तीने ही वाट बरीचशी अरुंद झाली. तरी आज विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा आहे, पक्षाला एकूण खर्चाची कोणतीच मर्यादा नाही. २०१८ साली आलेले निवडणूक रोखे फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले, तेव्हा मोठी नावे काही दिवस वर्तमानपत्रांत झळकली. आमच्या चिटबॉयचे नाव कुठल्याच यादीत नव्हते.

पैसा टनामागे कसा गोळा होतो, याचा एक धडा महाराष्ट्राने १९८१ साली गिरवला. मुख्यमंत्री अंतुले यांच्या प्रतिष्ठानांचे प्रकरण बाहेर आले तेव्हा लोकांच्या लक्षात राहिले ते सिमेंट, आणि उच्च न्यायालयाने जानेवारी १९८२ मध्ये ठपका ठेवला तोही सिमेंटच्या वाटपावरून. पण साखर कारखान्यांकडून उसाच्या टनामागे वर्गणी घेतल्याची बाबही त्यात होतीच. तिच्यावर आमच्या भागात फारसा गहजब झाल्याचे मला आठवत नाही. कपातीची सवय होती.

या व्यवहारात आमचा माणूस कुठे उभा आहे? सभासद व्हायला ऊस हवा, उसाला जमीन आणि पाणी हवे. महार वतन १९५८ च्या कायद्याने खालसा झाले. वतनाची गुलामी गेली हे चांगलेच झाले, पण जमीन पुन्हा नावावर करून घ्यायला सरकारात पैसे भरावे लागत होते आणि ते पुष्कळांकडे नव्हते. म्हणून तो सभासद नाही. सभासद नाही म्हणून वार्षिक सभेत उठून हिशेब विचारण्याचा त्याला हक्क नाही. फडात कोयता चालवणारा बीडकडून येतो, त्याचे तर इथे मतही नाही. आणि २०२४ ची विधानसभा निवडणूक नोव्हेंबरात, नेमकी हंगामाच्या तोंडावर झाली, तेव्हा त्याचे गावाकडचे मतही धोक्यात. थोडक्यात, ज्या पैशाने राज्य ठरते त्या पैशात त्याचा घाम आहे, पण वहीत त्याचे खाते नाही.

आणि तरीही त्याच्या नावाने जागा राखीव आहेत! २००४ च्या निवडणुकीपर्यंत सांगलीत जत आणि साताऱ्यात माण हे अनुसूचित जातींचे मतदारसंघ होते. २००८ च्या पुनर्रचनेनंतर मिरज आणि फलटण झाले. पुणे करारानंतर बाबासाहेबांनी जे दुखणे सांगितले, ते हेच. प्राथमिक निवडणुकीत अस्पृश्यांची मते ज्याला मिळत, तो संयुक्त मतदानात सवर्णांच्या मतांनी पडे, हे १९४६ साली उघड दिसले. मतांचा हा हिशेब बाबासाहेबांनी मांडून ठेवला आहे. आपण त्यात थैलीचा हिशेब जोडला नाही. खुल्या मतदारसंघात उमेदवाराचा स्वतःचा कारखाना, बँक, शिक्षणसंस्था असते. तो पक्षाशी घासाघीस करू शकतो. राखीव मतदारसंघातल्या उमेदवाराकडे यातले बहुधा काहीच नसते. त्याची जीप दुसऱ्याची, पोस्टर दुसऱ्याचे, आणि निवडून आल्यावर जीभही दुसऱ्याची. तो वाईट माणूस असतो म्हणून हे घडत नाही. ज्या समितीने खर्च उचलला तिने त्याची निवडही आधीच केलेली असते.

ही गोष्ट ज्याला प्रथम दिसली तो लेखक आमच्याच जिल्ह्यातला. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांचे 'शेटजींचे इलेक्शन' हे लोकनाट्य १९४६ च्या सुमाराचे. त्या शीर्षकातच अर्धी समीक्षा आहे: इलेक्शन मतदारांचे नाही, शेटजींचे आहे. तेव्हा प्रौढ मताधिकार नव्हता. कर, मालमत्ता आणि शिक्षण पाहून मत मिळे. वाटेगावच्या मांगवाड्याच्या दृष्टीने ते शब्दशः शेटजींचेच इलेक्शन होते. पुढे १९५२ पासून मत सर्वांना मिळाले, आणि इलेक्शन शेटजींचेच ठेवायचे तर खर्च वाढवणे भाग पडले. हा धागा अण्णाभाऊंच्या हातून आमच्या साहित्याने घेतला असता तर? पण समीक्षकांनी लोकनाट्याला साहित्याच्या ओसरीवरच बसवले, आणि राजकीय साहित्य म्हणजे मंत्रालयातल्या खुर्चीची गोष्ट असे समीकरण झाले. साधूंचे 'सिंहासन' त्या समीकरणाचे उत्तम उदाहरण. दिगू टिपणीस या पत्रकाराच्या डोळ्यांनी मुंबईचे सारे थर त्यात दिसतात, पण डोळे मुंबईचेच. जिवाजीरावांची खुर्ची ज्या पायांवर उभी, ते पाय कुठल्या फडात रोवलेले आहेत हे दिसत नाही.

इथपर्यंत प्रस्थापितांविषयी बोललो. आता आपल्या घरात येऊ. आटपाडीच्या शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ', फलटण तालुक्यातल्या लक्ष्मण मान्यांचे 'उपरा', त्याआधी दया पवारांचे 'बलुतं': या आत्मकथनांनी भुकेचा हिशेब दिला, तसा मराठीत कुणी दिला नव्हता. पण पक्षाचा हिशेब आमच्याही लेखनात नाही. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि पुढे फुटत गेला, याची कारणमीमांसा आम्ही करतो ती थेट तेंडुलकरी पद्धतीने: अमुक नेता अहंकारी, तमुक विकला गेला. मी कुणालाही निर्दोष ठरवत नाही. पण कारखाना, सोसायटी, दूधसंघ यांपैकी काहीही हाताशी नसलेला पक्ष राज्यभर निवडणूक कशाच्या बळावर लढवणार होता, हा प्रश्न आमच्या कथा-कवितेने कधी विचारला? १९९८ साली काँग्रेसशी समझोता होऊन आमचे चार खासदार खुल्या जागांवरून लोकसभेत गेले. गावोगाव पेढे वाटले गेले. पुढच्याच वर्षी ऐक्य विस्कटले. समझोत्यात मते येतात तशी दुसऱ्याची यंत्रणाही येते, आणि ती परत जाताना काय घेऊन जाते, यावर एक तरी कादंबरी व्हायला हवी होती.

नमुना नव्हता असे नाही. १९५६ साली पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती झाली, तीही समितीच. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन तिचा घटक होता. १९५७ ला साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेवर गेले, आणि कराडला यशवंतराव चव्हाणांसारख्या नेत्याला विधानसभेसाठी झुंज द्यावी लागली. ती निवडणूक शाहिरांच्या डफावर आणि चालत्या पायांवर झाली. पण तिच्यावर लिहिले गेले ते स्फूर्तिगीतांच्या सुरात. सभेचा मंडप कुणी घातला, भाकऱ्या कुठल्या घरांतून आल्या, आमच्या वस्तीने किती आणे दिले, हे कुणी टिपून ठेवले?

आमच्याकडे तर हिशेबाची परंपरा आहे. चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी फाटक्या संसारातून वर्गणी निघते, तिची पावती फाडली जाते, आणि जयंतीनंतर जमा-खर्चाचा कागद विहाराच्या भिंतीवर लागतो. चार आण्यांच्या फरकावरून त्या कागदासमोर झालेली भांडणे मी लहानपणापासून पाहिली आहेत. शहरातले मित्र या भांडणांना हसतात. मला मात्र त्या भिंतीइतका स्वच्छ कागद कुठल्याही पक्षाच्या कार्यालयात आजवर दिसलेला नाही. आमच्या तरुण लेखकांनी विद्रोहाची प्रतिमा शोधत आभाळ धुंडाळले. तो कागद त्यांच्या उंचीवरच चिकटवलेला होता.

म्हणून वाळवा, तासगाव, कराड, माण, जत या तालुक्यांतल्या वाचक-कार्यकर्त्यांना एक विनंती. फेडरेशनच्या किंवा रिपब्लिकन पक्षाच्या शाखेची जुनी पावतीपुस्तके, निवडणुकीच्या वर्गणीच्या वह्या कुणाच्या घरी ट्रंकेत असतील तर त्या वाळवीला देऊ नका. १९५७ किंवा १९६७ ची एखादी वही मिळाली तर तिची नक्कल करून घ्या. देणाऱ्यांची नावे, रक्कम, आणि खर्चाच्या बाजूला काय काय लिहिले आहे ते सगळे, खाडाखोडीसकट.