प्रदक्षिणेची पूर्वतयारी

समुद्रप्रवासाचें पुस्तक हातीं आलें कीं वाचक प्रथम वादळाचीं पानें शोधतो. नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे यांचें 'द फर्स्ट इंडियन' हें इंग्रजी पुस्तक आम्हींहि तसेंच चाळलें, आणि फसलों. एकट्यानें शिडाच्या नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे हे पहिले भारतीय. ऑगस्ट २००९ मध्यें मुंबईहून निघून, वाटेंत चार बंदरें घेऊन, मे २०१० मध्यें ते परतले. परंतु पुस्तकाचा पुष्कळसा भाग प्रस्थानापूर्वींच्या खटपटीनें व्यापिला आहे, आणि आम्हांस तोच अधिक सरस वाटला.

कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. ५६ फुटी 'म्हादेई' गोव्यांत बांधली ती रत्नाकर दांडेकर यांनीं. बांधणाऱ्यास हें काम नवें, हांकणाऱ्यासहि नवें. बांधणी चालू असतांच प्रत्येक दोर, पंप नि विजेची तार ओळखून घ्यावयाची, कारण दक्षिण महासागरांत मिस्त्री बोलावतां येत नाहीं. वारा चढण्यापूर्वींच शीड आखडावें, कंबरेचा पट्टा नौकेस अडकविल्यावांचून वर पाऊल टाकूं नये, झोंप तुकड्यातुकड्यांनीं घ्यावी. हे नियम ऐकावयास सोपे, पण थकलेल्या, भिजलेल्या माणसाच्या हातून ते आपोआप पाळले जावयास हवेत.

समुद्रापासून शेंकडों मैल आंत, आमच्या नालवाडींत हें वाचतांना विनोबांची आठवण झाली. १९३२ नंतर याच गांवीं राहून सूतकताईच्या मजुरीवर निर्वाह करण्याचा प्रयोग त्यांनीं केला होता. विषय अगदीं निराळा. परंतु स्वतःच्या शरीरासच कसोटीस लावून त्याचा हिशेब ठेवण्याची रीत तीच.

दोष सांगावयाचा तर लेखकाची विनोदबुद्धि. सरकारी दप्तराच्या हकीकतींत ती खुलते. भीतीच्या प्रसंगीं मात्र थट्टा करून ते निसटतात. त्यामुळें नीट तयारी केली कीं समुद्र वश होतो, असा वाचकाचा समज होण्याचा संभव आहे. या मोहिमेंत दोंद्यांचे साहाय्यक असलेले अभिलाष टॉमी यांनीं २०१२-१३ मध्यें 'म्हादेई'तूनच, कोठेंहि न थांबतां, एकट्यानें प्रदक्षिणा पुरी केली. त्याच टॉमींच्या, त्याच दांडेकरांनीं बांधलेल्या 'थुरिया'ची डोलकाठी सप्टेंबर २०१८ मध्यें हिंदी महासागराच्या दक्षिण भागांत मोडली. कण्यास जबर इजा होऊन ते नौकेंत पडून राहिले, तेव्हां एका फ्रेंच जहाजानें त्यांस सोडविलें. त्यांच्या तयारींत कसूर होती असें म्हणावयास आम्ही धजणार नाहीं. दोंद्यांनाहि हें ठाऊक असलेंच पाहिजे. त्याविषयीं त्यांनीं थोडें अधिक मोकळेपणानें लिहिलें असतें, तर मुलांच्या हातीं हें पुस्तक देतांना आम्हांस अधिक समाधान वाटलें असतें.