‘घेतली होती’ : एका कबुलीची भाषिक चिकित्सा

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने दारूबंदी झाली. पिणाऱ्यास खांबाला बांधून फटके दिले जात, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. या दंडाची नैतिक चर्चा पुष्कळ झाली. येथे केवळ भाषेचा विचार कर्तव्य आहे. गावास हवे असते ते ‘पुन्हा पिणार नाही’ हे भविष्यकाळी वचन. न्यायालय मात्र घडलेल्या कृत्याविषयी विचारते : ‘गुन्हा कबूल आहे काय?’

दारू पिऊन वाहन चालविल्याचा आरोप असलेला ग्रामस्थ या प्रश्नास ‘साहेब, थोडी घेतली होती’ किंवा ‘चूक झाली’ असे उत्तर देईल. पहिल्या वाक्यात कर्म लुप्त असून दारूची खूण क्रियापदाच्या स्त्रीलिंगात तेवढी उरते. दुसऱ्यात करणाराच नाहीसा होतो. यांपैकी एकही वाक्य कायद्याच्या अर्थाने कबुली नव्हे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क चाचणीत आढळावा लागतो. ‘थोडी’ हे त्या मापाचे उत्तर होत नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ हिच्या कलम २७५ नुसार कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत नोंदवावयाची असते. १९७३ च्या संहितेतही हीच तरतूद होती. ‘घेतली होती’ याचे ‘गुन्हा कबूल’ असे रूपांतर केल्यास या तरतुदीचा हेतूच विफल होतो. परिणामही लहान नाही : पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, आणि कबुलीवरून दोषी ठरल्यावर अपील केवळ शिक्षेचे प्रमाण व वैधता यांपुरतेच उरते.

खरी अडचण ‘नाकबूल’ या शब्दात आहे. लोकभाषेत त्याचा अर्थ ‘खोटे बोलणे’ असा घेतला जातो. कायद्यात तो ‘आरोप सिद्ध करावा’ एवढाच आहे. देवळात शपथ घेणाऱ्या समाजाला हा भेद कोणी समजावून दिलेला नाही. म्हणून प्रामाणिक मनुष्य चाचणीचा अहवाल न पाहताच मान तुकवितो आणि सराईत मनुष्य तो अहवाल मागतो.

मद्यपी चालकाची कड घेण्याचा येथे हेतू नाही. त्याच्या वाहनाखाली सापडणाऱ्याचा जीव अमोल आहे. परंतु अपराध सिद्ध व्हावा तो पुराव्याने किंवा समजून दिलेल्या कबुलीने. भाषांतराच्या सोयीने नव्हे.