अर्धा राहिलेला पाय

पाळीव कुत्र्याचे पेन्सिलचित्र हा प्रकार आपली कलासमीक्षा गंभीरपणे घेत नाही. मीही बरीच वर्षे घेतला नव्हता. आमचा कुत्रा गेला आणि घरात त्याची दोन चित्रे उरली. एक फोटोवरून केलेले, केस न् केस मोजलेले. दुसरे एका परिचितांनी तो निजलेला असताना मऊ पेन्सिलीने काढलेले. त्यात मागचा एक पाय अर्धाच आहे. तेवढ्यात तो उठून गेला. पहिले पाहून लोक ‘हुबेहूब’ म्हणतात. मी मात्र दुसऱ्यापाशी थांबतो. हा निव्वळ जिव्हाळा, की त्याला चित्रकलेतही काही कारण आहे?

आधी साधन पाहू. १७९५ मध्ये फ्रान्समध्ये निकोला-जाक कोंते याने ग्राफाइटची भुकटी आणि चिकणमाती एकत्र भाजून शिसे करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. माती जास्त तर शिसे कडक. ग्राफाइट जास्त तर मऊ आणि काळे. त्याच्या कितीतरी आधी, १४९०-९५च्या सुमारास, लिओनार्दो दा विंचीने कुत्र्याचे पंजे धातूच्या लेखणीने रेखाटले. तो कागद आज स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहात आहे. धातूची रेषा बारीक असते, सहज खोडता येत नाही. नख, गादी, सांधा तिथे निश्चित होतात. ते शरीराचे ज्ञान आहे.

मऊ पेन्सिल अशी निश्चिती देत नाही. हाताच्या दाबासरशी तीच रेषा गडद होते, विरते, बोटाने पसरते. श्वासाबरोबर वरखाली होणाऱ्या कुशीला पक्की कड नसतेच. म्हणून निजलेल्या कुत्र्याला हे साधन मानवते. केस मोजणारा चित्रकार पेन्सिलीचा हाच गुण मारून टाकतो.

दुसरा धोका भावनेचा. एडविन लँडसिअरच्या १८३७च्या तैलचित्रात धन्याच्या शवपेटीवर हनुवटी टेकलेला कुत्रा आहे. रस्किनने ते वाखाणले. मला मात्र तो शोक माणसाने कुत्र्याला नेसवलेला वाटतो. आमच्या रेखाटनातला कुत्रा कुणासाठी झुरत नाही. तो फक्त झोपला आहे.

अपुरे ते सारे चांगले, असे मी म्हणत नाही. पाय अर्धा राहिला हा योगायोग; पण तो नंतर आठवणीने पुरा करता आला असता. तो केला नाही, हा निर्णय. माझ्या लेखी ते रेखाटन तिथे कला झाले.