‘ऐकणे’ आणि आनंद : टिळक, रमाबाई आणि लक्ष्मीबाई

मराठी ख्रिस्ती लेखनाचा विचार आपल्याकडे बहुतेक वेळा धर्मांतर या एका घटनेभोवती फिरतो. कोण, कधी, कशामुळे ख्रिस्ती झाले. घरच्यांनी काय केले. समाज काय म्हणाला. पण बाप्तिस्म्यानंतरची वीस-तीस वर्षे ही माणसे कशाच्या बळावर जगली, हा प्रश्न मागेच राहतो. नारायण वामन टिळक, पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे लेखन सलग वाचत गेलो तेव्हा मला त्यात एक समान धागा दिसला. तिघेही देवाच्या आज्ञेत राहण्याविषयी बोलतात आणि तिघांनाही त्यात आनंद सापडल्याची साक्ष त्यांचे लेखन देते. मात्र आज्ञापालन म्हणजे काय, याची तिघांची उत्तरे एक नाहीत. त्यातल्या एका उत्तराची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजली आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

आधी शब्दाविषयी. ‘आज्ञाधारक’ हा शब्द अर्जांनी पार झिजवून टाकला आहे. शाळेतल्या रजेच्या अर्जापासून साहेबाला लिहिलेल्या विनंतीपत्रापर्यंत, खाली ‘आपला आज्ञाधारक’ असे लिहिणाऱ्याच्या मनात आनंद नसतो, फार तर काम होण्याची आशा असते. पण मराठीत याच अर्थाचा एक जिवंत शब्द आहे, तो म्हणजे ‘ऐकणे’. ‘तो कुणाचं ऐकत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्या कानात दोष आहे असे आपल्याला म्हणायचे नसते. गंमत अशी की बायबलच्या मूळ भाषांतही हीच सोय आहे. हिब्रूतील ‘शमा’ या क्रियापदात कानाने ऐकणे आणि सांगितले ते करणे हे दोन्ही अर्थ आहेत, आणि नव्या करारात आज्ञापालनासाठी येणारा ‘हुपाकोए’ हा ग्रीक शब्दही ऐकण्याच्या धातूपासूनच झाला आहे. म्हणजे आज्ञापालनाच्या मुळाशी हुकूम नाही, आवाज आहे. आणि आवाज म्हटला की तो कोणाचा, हे ओळखणे आलेच.

ख्रिस्ती विचारात आज्ञापालन आणि आनंद यांची जोडी मुळापासूनची आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशू शिष्यांना आपल्या आज्ञा पाळायला सांगतो आणि लगेच, हे त्यांचा आनंद पूर्ण व्हावा म्हणून सांगतो आहे, असेही म्हणतो. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेले पत्र तुरुंगातून लिहिलेले आहे, तरी त्याच्या सगळ्या पत्रांत आनंदाचा उल्लेख याइतका दाट क्वचितच असेल. ख्रिस्ताने दासाचे रूप घेतले आणि वधस्तंभावरच्या मरणापर्यंत आज्ञा मानली, हे त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात येते. येथे नम्रता म्हणजे लाचारी नव्हे. ज्याला खाली येण्याची गरज नव्हती तो आपणहून खाली आला, असा तिचा अर्थ आहे. हा ‘आपणहून’ काढून घेतला की उरते ती निव्वळ ताबेदारी.

टिळकांना हे मराठीत सांगण्यासाठी परका शब्द शोधावा लागला नाही. नवविधा भक्तीतले ‘दास्य’ त्यांच्या हाताशी होते. रामदासांनी तर ते नावातच घेतले होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे टिळक सांगत. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी जे अभंग आणि भजने लिहिली ती मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात. त्यांतला भक्त सेवक असतो, पण त्याला धनी मिळाल्याचा हर्षही असतो. याच कारणाने टिळकांच्या कवितेतली नम्रता रडवी होत नाही. मिशनऱ्यांनी भाषांतरित केलेल्या जुन्या गीतांत पापाची जाणीव जड पावलांनी चालते. टिळकांच्या अभंगात तीच जाणीव टाळाच्या ठेक्यावर येते आणि हलकी होते. समीक्षक याला ‘भारतीयीकरण’ म्हणतात. मला तो शब्द अपुरा वाटतो, कारण बदल केवळ चालीचा नाही. देव आणि माणूस यांच्यातल्या नात्याचा सूर बदलला आहे.

पण टिळकांचे हे ‘ऐकणे’ कवितेपुरते नव्हते. 1917 मध्ये त्यांनी अमेरिकन मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत ही त्यांची कल्पना होती. ज्या संस्थेने त्यांना आश्रय आणि पाळकपद दिले, तिच्या चौकटीतून ते देवाचे ऐकण्यासाठी बाहेर पडले. वरवर ही अवज्ञाच दिसते. मला त्यात आज्ञापालनाची खरी कसोटी दिसते. देवाचे ऐकणारा माणूस माणसांचे किती ऐकतो यावरून त्याची नम्रता मोजण्याची आपली सवय आहे, आणि ती चुकीची आहे.

हे रमाबाईंच्या बाबतीत अधिक उघड आहे. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर सिस्टर जेराल्डीन आणि रमाबाई यांच्यात झालेला पत्रव्यवहार ए. बी. शहा यांनी संपादित केला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो 1977 मध्ये प्रसिद्ध केला. ख्रिस्ती आज्ञापालनावर भारतीय बाजूने झालेली इतकी धारदार चर्चा मी अन्यत्र वाचलेली नाही. सिस्टरांची तक्रार एकच आहे: ही बाई हट्टी आहे, गर्विष्ठ आहे, चर्चचे ऐकत नाही. वाद त्रैक्याच्या सिद्धांताचा असो की रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही याचा, प्रत्येक वेळी त्यांच्यापुढे नम्रतेचा दाखला मागितला जातो. रमाबाई उत्तरादाखल आदर ठेवतात, ऋण मानतात आणि जागेवरून हलत नाहीत. ब्राह्मणी पुरोहितशाहीतून सुटलेल्या बाईने दुसऱ्या पुरोहितांपुढे मान का तुकवावी, हा त्यांचा सवाल आहे.

त्यांना आनंद मात्र लगेच मिळाला नाही. 1907 च्या आत्मसाक्षीत त्या सांगतात की ख्रिस्ती धर्म हाती आला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडला नंतर, 1891 च्या सुमारास. त्यानंतरच्या रमाबाई पाहिल्या की समर्पण या शब्दाला वजन येते. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका आणल्या आणि त्यातून केडगावचे मुक्ती सदन वाढले. उतारवयात ग्रीक आणि हिब्रू यांचा अभ्यास करून त्यांनी एकटीने संपूर्ण बायबल मराठीत आणले. ते सदनाच्याच छापखान्यात छापले गेले. या भाषांतराची भाषा ओबडधोबड आहे अशी टीका झाली. वाङ्मयीन दृष्टीने ती खोटी नाही. पण संस्कृतप्रचुर शब्द टाळण्यामागे रमाबाईंचा हेतू होता. ज्या बाईला शास्त्र ऐकण्याचाच अधिकार नव्हता तिने ते ऐकावे आणि समजून ऐकावे. न समजता पाळलेली आज्ञा कशी असते, हे संस्कृत पुराणे सांगत गावोगाव उपाशी फिरलेल्या डोंगऱ्यांच्या या मुलीला शिकवावे लागले नसते.

आता लक्ष्मीबाई. ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून चार भागांत प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून आपण ती एका भोळ्या, विनोदी, सोशिक बाईची आठवणींची पोतडी म्हणून वाचत आलो. शाळेच्या पुस्तकांतून भेटणाऱ्या लक्ष्मीबाई अशाच आहेत. माझ्या मते हे पुस्तक आज्ञापालनाची चिकित्सा आहे, आणि तीही तिघांतली सर्वांत खोल.

पुस्तकाची सुरुवातच पाहा. 1857 च्या धामधुमीत घरावर आलेल्या संकटाचा धसका घेऊन वडील सोवळ्याच्या नादी लागलेले. विकत आणलेले धान्य धुवायचे, विटाळाच्या भीतीने जगायचे, बायको-मुलांना शिस्तीच्या नावाखाली छळायचे. येथे आज्ञा आहेत, रात्रंदिवस आहेत आणि त्या काटेकोर पाळल्याही जातात. आनंद मात्र कणभर नाही. लक्ष्मीबाई यावर भाष्य करत नाहीत, हसत हसत सांगून पुढे जातात. पण पुढचे सगळे पुस्तक या प्रकरणांच्या उजेडात वाचावे असे मला वाटते. भीतीने पाळलेला नियम कसा असतो, हे त्यांनी पहिल्याच पानांत मांडून ठेवले आहे.

टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा पतिव्रतेच्या शास्त्राप्रमाणे त्यांनी मागोमाग जायला हवे होते. त्या गेल्या नाहीत. काही वर्षे त्या नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे टिळकांजवळ आल्या त्याही सुरुवातीला स्वतःचे सोवळे आणि स्वतःचा स्वयंपाक वेगळा ठेवून. टिळकांनी सक्ती केली नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी आपल्या मनाशी सोडवला आणि मगच, 1900 साली, बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याचे ऐकून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. ज्याचे ऐकायचे तो आवाज त्यांनी स्वतः ओळखला. म्हणूनच पुढच्या आयुष्यातला त्यांचा आनंद उसना वाटत नाही.

आणि येथेच टिळकांच्या आज्ञापालनाचा दुसरा हिशेब सुरू होतो. देवाने सांगितले म्हणून टिळक हातातले पैसे देऊन टाकत, अनाथ मुले घरी आणत, कवीमित्रांना मुक्कामाला ठेवत. पगार सोडला तोही देवाच्या सांगण्यावरून. प्रत्येक वेळी संध्याकाळचा प्रश्न लक्ष्मीबाईंपुढे येई: चुलीवर काय ठेवायचे? टिळकांचा आनंद स्वयंपाकघराच्या जिवावर उभा होता, हे मराठी समीक्षेने स्पष्टपणे कधी म्हटले नाही. पुरुषाच्या संन्यस्त वृत्तीचे आपल्याला फार कौतुक असते. लक्ष्मीबाई टिळकांच्या श्रद्धेवर कधी शंका घेत नाहीत. त्या फक्त भांडणे लिहितात, उधारी लिहितात, रिकामे डबे लिहितात. देवाचे ऐकल्याचा दावा करणाऱ्या माणसाने घरच्यांचेही ऐकले का, ही कसोटी त्या न बोलता लावतात.

तरीही त्या कडवट होत नाहीत. याचे श्रेय स्वभावाला देऊन मोकळे होणे सोपे आहे. मला वाटते त्यांचा विनोद ही त्यांची नम्रता आहे. त्या टिळकांना हसतात त्याच्या दुप्पट स्वतःला हसतात. स्वतःच्या सोवळ्याला, स्वतःच्या अडाणीपणाला, स्वतःच्या रागाला. स्वतःकडे असे पाहता येणारा माणूसच दुसऱ्याची मुले आपली म्हणून वाढवू शकतो, आणि त्यांनी ती वाढवली. टिळकांनी आणलेल्या पोरांचे ओझे केव्हा त्यांचा स्वतःचा आनंद झाले, ती नेमकी जागा पुस्तकात दाखवता येत नाही. लेखिकेलाही ती दाखवायची नाही.

टिळक 9 मे 1919 रोजी गेले. ‘ख्रिस्तायन’ या त्यांच्या महाकाव्याचे दहा-अकरा अध्यायच लिहून झाले होते. उरलेले चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले, म्हणजे ग्रंथाचा फार मोठा भाग त्यांचा. समीक्षेत या कामाचा उल्लेख पतीचे अपुरे कार्य पूर्ण करणारी पत्नी अशाच शब्दांत होतो, जणू तीही एक आज्ञाच होती. पण ते अध्याय टिळकांच्या अध्यायांशेजारी ठेवून वाचले की फरक कळतो. टिळकांची ओवी पंडिताची आहे, शब्दांची निवड जाणीवपूर्वक, आवाज उंच. लक्ष्मीबाईंची ओवी जात्याजवळची, घरात बोलल्यासारखी चालते. त्यांनी नवऱ्याची शैली गिरवलेली नाही. हे लेखन त्या अखेरपर्यंत करत राहिल्या. फेब्रुवारी 1936 मध्ये त्यांचे निधन झाले आणि ग्रंथ 1938 मध्ये निघाला.