कड्यावरची वाट आणि आपली लेखणी

मुळशी तालुक्यातल्या पिंप्रीपासून खाली कोकणात भिऱ्यापर्यंत अंधारबनाची वाट जाते. लांबी सुमारे १३ किलोमीटर, बहुतेक उतार. एका अंगाला कुंडलिकेचे खोल खोरे, दुसऱ्या अंगाला कातळ. पुढे भर दुपारीही ऊन न शिरणारी दाट झाडी, मग हिर्डी गाव आणि शेवटी गुडघ्यांची परीक्षा पाहणारी उतरण. सुटीच्या दिवशी पुण्यामुंबईहून बसा भरून मंडळी येतात. बस त्यांना पिंप्रीत सोडते आणि ताम्हिणी घाटाने वळसा घालून संध्याकाळी भिऱ्याला उभी राहते. अशा सफरींवर मराठीत आता पुष्कळ लिहिले जाते. ते लेखन वाचून मला जे वाटले, ते इथे मांडतो. समीक्षेची परिभाषा माझ्यापाशी नाही. ही वाट मात्र माझ्या पायाखालची आहे.

पहिली गोष्ट ही की, या लेखांतून माणसे नाहीशी झालेली असतात. चाळीस जण एकत्र चालतात. लेखात मात्र एकटा ‘मी’ कड्यावर उभा असतो, धुके त्याच्यासाठी विरते आणि दरी त्याच्याशी बोलते. वास्तविक अशा चालीचे सारे नाट्य घोळक्यात आहे. चाल ठरते ती सर्वांत मागे राहिलेल्याच्या पायांनी. पुढचे थांबतात, कुरकुरतात. मागचा पोहोचतो तो नेमका त्यांची विश्रांती संपताना, म्हणून दमलेल्याला सर्वांत कमी विसावा मिळतो. ओल्या कातळावर अनोळखी माणसाचा हात धरावा लागतो. कादंबरीकाराला याहून अधिक काय हवे? पण लेखक घरी येऊन ही माणसे खोडून टाकतो.

या एकटेपणाचे मूळ मला गो. नी. दांडेकरांच्या यशात दिसते. ‘माचीवरला बुधा’ १९५८ची. मुंबई सोडून राजमाचीच्या माचीवर परतलेला म्हातारा बुधा झाडापाखरांत रमतो, त्याचे ते एकटेपण अस्सल आहे. कारण त्यामागे एक संपत आलेले आयुष्य आहे, आणि पाणी आणणे, चूल पेटवणे हे रोजचे कष्ट आहेत. पुढच्यांनी बुधाचे एकटेपण उचलले, कष्ट तिथेच ठेवले. सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्याला ते एकटेपण शोभत नाही. अंगरखा दुसऱ्याच्या मापाचा वाटतो. त्यापेक्षा आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’सारखे वाटा सांगणारे पुस्तक मला अधिक प्रामाणिक वाटते. त्याला वाचकाला जागेवर पोहोचवायचे असते, भारावून टाकायचे नसते.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. या वाटेने खाली उतरताना भिऱ्याचा जलाशय दिसतो. लेखांतून तो ‘निळा आरसा’ म्हणून येतो. त्यात मुळशी धरणाचे पाणी आलेले असते. मुळा ही पूर्वेकडे जाणारी नदी. धरणाने तिचे पाणी अडवून पश्चिमेला वळवले, आणि सुमारे ५०० मीटर खाली पडून ते भिऱ्याला वीज करते. त्या धरणाखाली आमच्या तालुक्यातली गावे आणि भातखाचरे गेली. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला; पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. वि. म. भुस्कुटे यांनी त्याचा वृत्तांत लिहून ठेवला आहे. पाण्याला आरसा म्हणणाऱ्याने तो वाचलेला नसतो. प्रत्येक वर्णनात इतिहास कोंबावा, असे माझे म्हणणे नाही. तसे झाले तर लेख शाळेचे पुस्तक होईल. पण शब्द निवडताना लेखकाला काही ठाऊक असले, तर तो शब्द बदलतो. आरशात पाहणारा स्वतःलाच पाहतो, एवढे तरी त्याला जाणवले असते.

हे दोष मी दुरून दाखवत नाही. माझ्या पहिल्या कादंबरीत पावसाळी कड्याचे दोन पानी वर्णन आहे, आणि त्यात मी स्वतः कधी न पाहिलेले इंद्रधनुष्य आहे. ते पान अजून कोणी चांगले म्हटले की मी गप्प बसतो.

एका हिवाळ्यात आम्ही तीन शिक्षक नववीची मुले घेऊन या वाटेने उतरलो. सोमवारी निबंध लिहवून घेतला. वहीमागून वही ‘निसर्गाच्या कुशीत’ आणि ‘हिरवा शालू’. डिसेंबरात शालू कुठला? गवत पिवळे पडले होते. एका मुलाने मात्र शालू लिहिला नव्हता. हिर्डीत एका आजींनी पाणी दिले, पाणी देता देता ‘किती जण रे तुम्ही?’ असे तीनदा विचारले, आणि नंतर हंडा आडवा करून पाहिला, एवढेच त्याने लिहिले होते. सव्वा पान. मी त्याला दहापैकी चार गुण दिले होते आणि लाल शाईने शेरा मारला होता : ‘निसर्गवर्णन अपुरे.’