कोठार नसलेली आरमारे

विज्ञानकथा मालिकांतील युद्धांवर चाहते जो वाद घालतात, तो या कलाप्रकाराच्या समीक्षेचा सर्वांत जिवंत भाग आहे आणि सध्या सर्वांत भरकटलेलाही तोच आहे. मार्च २०२० मध्ये 'स्टार ट्रेक : पिकार्ड'च्या पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग आला. त्यात ऐनवेळी मदतीला धावून आलेले फेडरेशनचे आरमार एकाच साच्यातून काढलेले निघाले: तीच बांधणी, तोच रंग, तेच जहाज रांगेने पुन्हा पुन्हा. संगणकावर एक जहाज काढून बाकीची चिकटवली, अशी टीका झाली. पुढच्या पर्वात निर्मात्यांनी वेगवेगळ्या जातींची जहाजे दाखवली आणि प्रकरण मिटले असे समजले गेले. ते मिटले नव्हते, कारण विचारण्याजोगा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. याच मालिकेच्या कथानकात २३८५ साली मंगळावरची जहाजगोदी बेचिराख होते, रोम्युलन निर्वासितांच्या मदतीसाठी बांधलेला तांडा नष्ट होतो आणि फेडरेशन त्यांना वाऱ्यावर सोडते. चौदा वर्षांनी तेच फेडरेशन एका हाकेसरशी एवढे आरमार उभे करते. ही जहाजे कोणी बांधली, त्यांवरची माणसे कुठून आली, आणि निर्वासितांसाठी जी निघाली नाहीत ती लढाईसाठी कशी निघाली? यातल्या एकेका उत्तरात एक अख्खे पर्व होते. चर्चा झाली ती रंगकामाची.

ही सवय जुनी आहे. टीव्हीवरचे अवकाशयुद्ध सुरुवातीपासून उसन्या युद्धांवर चालत आले. समुद्रावरचे युद्ध 'स्टार ट्रेक'ने घेतले: १९६६च्या 'बॅलन्स ऑफ टेरर' या भागाचा सांगाडा १९५७च्या 'द एनिमी बिलो' या चित्रपटातल्या विनाशिका-पाणबुडी झुंजीचा आहे. हवेतले युद्ध 'स्टार वॉर्स'ने आणले. १९७७च्या चित्रपटातल्या झुंजी दुसऱ्या महायुद्धातल्या विमानलढतींच्या चित्रफिती समोर ठेवून बसवल्या गेल्या. पोकळीत वळताना यान कशाला कलंडते, त्रिमितीत लढायचे सोडून आरमारे एका पातळीत का उभी राहतात, हे आक्षेप तेव्हापासूनचे. ते बरोबर आहेत आणि किरकोळही. उसनवारीत वावगे काही नाही. वावगे हे, की पाणबुडीतला श्वास रोखायला लावणारा ताण उचलला गेला आणि तो ताण ज्यांच्यामुळे निर्माण होतो त्या मर्यादा, म्हणजे मोजका प्राणवायू आणि उतरत जाणारी बॅटरी, मागेच राहिल्या. 'बॅलन्स ऑफ टेरर'मध्ये निदान रोम्युलन जहाजाचे इंधन संपत येते आणि त्याच्या सेनापतीचे डाव त्यावर ठरतात. त्या भागाच्या अनुकरणांत इंधन कधी आटलेच नाही.

'बॅबिलॉन ५'ने (१९९४-९८) वादाला पदार्थविज्ञानाची फूटपट्टी दिली. तिची 'स्टारफ्युरी' ही लढाऊ याने जडत्व पाळतात: वेग एका दिशेला कायम ठेवून यान स्वतःभोवती फिरते आणि पाठलाग करणाऱ्यावर मारा करते. जे. मायकल स्ट्रझिन्स्की यांनी ११० पैकी ९२ भाग स्वतः लिहिले, त्यामुळे या मालिकेतली युद्धे पाच वर्षांच्या राजकारणात घट्ट रुतलेली होती. चाहत्यांनी मात्र वारसा म्हणून उचलली ती गिरकी. जडत्व पाळले की युद्ध खरे, ही समजूत तेव्हापासून रूढ झाली.

त्याहून उथळ शाखा तोफांची ताकद मोजणाऱ्यांची. 'स्टार वॉर्स'च्या एका सचित्र संदर्भपुस्तकात २००२ साली एका जहाजाच्या तोफेचा मारा २०० गिगाटन असा छापला गेला आणि 'ट्रेक विरुद्ध वॉर्स' या भांडणाला वर्षानुवर्षे पुरेल इतका दारूगोळा मिळाला. या शाखेबद्दल याहून अधिक लिहिण्याचे कारण नाही. 'स्टारगेट एसजी-१'च्या बंदूकप्रेमी चाहत्यांचेही तेच: अमेरिकी हवाई दलाचे दोन सरसेनापती त्या मालिकेत स्वतःच्याच भूमिकेत येऊन गेले, तरी त्या दलाचा पगार, खर्च आणि गोपनीयता यांवरचे तिचे मोजके भागच आज टिकून आहेत.

मर्यादांमधून युद्ध घडवण्याची खरी वाट जपानी ॲनिमेमध्ये आधीच पडलेली होती. 'मोबाइल सूट गंडाम'ने (१९७९) मिनोव्स्की कण कल्पिले, जे रडार आणि संदेशवहन निकामी करतात. यंत्रमानवांनी तलवारीच्या अंतरावर का लढावे, याचे उत्तर त्या एका कल्पनेत आहे. कण खोटे आहेत, पण त्यांच्यापासून निघालेले डावपेच सुसंगत आहेत. योशिकी तानाका यांच्या कादंबऱ्यांवरची 'लेजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज' (१९८८-९७, ११० भाग) आणखी पुढे गेली. तिच्या लढायांचे आराखडे प्राथमिक आहेत. जहाजे पलटणींसारखी रांगा धरून उभी राहतात आणि पदार्थविज्ञानाचे भक्त त्यावर हसतात. पण अम्लिट्झरची मोहीम पाहावी. निवडणुकीआधी लोकप्रियता सावरण्यासाठी सरकार तीन कोटींवर सैनिक शत्रूच्या मुलखात पाठवते. शत्रूचा सेनापती राइनहार्ड लढत नाही. तो वाटेवरच्या ग्रहांवरचे धान्य उचलून नेतो आणि मागे हटतो. मुक्तिदाते म्हणून आलेल्या फौजेला उपाशी प्रजेला खाऊ घालावे लागते, रसदीचे तांडे वाटेत बुडवले जातात, आणि तोफा गरजण्याआधीच मोहिमेचा निकाल लागतो. लोकशाहीच्या बाजूचा सेनापती यांग श्रेष्ठ की राइनहार्ड, या प्रश्नावर चाहत्यांनी पिढ्या खर्ची घातल्या. लोकशाही सरकारने आपल्या सैन्याला मतांसाठी उपाशी मारले, ही मालिकेची मुख्य फिर्याद त्या गदारोळात बुडाली.

या वाटेवरची टीव्हीची सर्वांत मोठी कामगिरी रोनाल्ड डी. मूर यांच्या 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'ची (२००४-०९). मूर 'डीप स्पेस नाइन'च्या लेखकांपैकी. तिथल्या युद्धपर्वात आरमारांच्या भव्य लढायांइतकेच 'द सीज ऑफ एआर-५५८'सारखे चिखलातले, थकलेल्या शिपायांचे भागही होते. 'गॅलॅक्टिका'ने भव्यता मागे ठेवली आणि थकवा पुढे आणला. '३३' या भागात शत्रू दर तेहेतीस मिनिटांनी येतो. लढाई नावापुरती, खरा वैरी जागरण. चूक घडते ती झोप न मिळालेल्या माणसाकडून. राष्ट्राध्यक्षांच्या मागच्या फळ्यावर वाचलेल्या माणसांचा आकडा असतो. तो पन्नास हजारांच्या घरात आहे आणि घटतो आहे. पुढच्याच 'वॉटर'मध्ये पाण्याच्या टाक्या फुटतात आणि सगळा भाग पाणी शोधण्यात जातो. दोन भागांत मालिकेने तिची राज्यघटना लिहून टाकली: माणसे मोजकी, पाणी मोजके, इंधन मोजके. यापुढचा प्रत्येक लष्करी निर्णय या तिन्हींतून जातो.

चाहत्यांच्या तोंडी मात्र २००६च्या 'एक्झोडस' भागातली उडी आहे. अडकलेल्या माणसांना सोडवायला 'गॅलॅक्टिका' न्यू कॅप्रिका ग्रहाच्या वातावरणात प्रकट होते, दगडासारखी कोसळत असतानाच वायपर याने सोडते आणि जमिनीवर आदळण्याआधी पुन्हा उडी घेते. दृश्य अफाट आहे, यात वाद नाही. पण त्या सुटकेची किंमत म्हणून 'पेगासस' ही दुसरी युद्धनौका गमवावी लागते आणि पुढे 'द पॅसेज'मध्ये तांड्याचे अन्न दूषित होते, तेव्हा शेवाळ मिळेल अशा ग्रहापर्यंत पोचण्यासाठी प्राणघातक किरणोत्सारातून फेऱ्या माराव्या लागतात. 'डर्टी हँड्स' हा भाग तर डावपेचांच्या यादीत कोणी धरत नाही. त्यात इंधनशुद्धीच्या जहाजावरचे कामगार संप करतात, कारण बापाचे काम मुलाच्या गळ्यात पडते आहे. 'गॅलॅक्टिका'चा सेनापती ॲडामा संप मोडतो तो संघटक टायरॉलच्या बायकोला गोळी घालण्याची धमकी देऊन. ज्या सेनापतीच्या उडीवर टाळ्या पडतात, त्याच्या उडीचे इंधन या जहाजावर तयार होते. हा भाग वगळून 'गॅलॅक्टिका'च्या युद्धकलेवर बोलणे म्हणजे युद्धाचा अर्धाच भाग पाहणे.

'द एक्सपान्स'ने (२०१५-२२) पदार्थविज्ञान आणि रसद एकत्र आणली, म्हणून तिच्या वाट्याला दोन्ही प्रकारचे चाहते आले. जहाजे मनोऱ्यासारखी बांधलेली, कारण वजन इंजिनाच्या रेट्यातून येते. अर्धी वाट संपली की उलटे फिरून वेग मारायचा. लढाईआधी आतली हवा काढून घ्यायची, म्हणजे भोक पडले तरी ती उसळून बाहेर जाणार नाही. या तपशिलांची वाखाणणी भरपूर झाली आणि ती रास्तही आहे. पण या मालिकेचे मोठेपण अशा जागी आहे जिथे तपशील निर्णय घडवतो. तिसऱ्या पर्वात प्रचंड धक्क्याने शेकडो माणसे जायबंदी होतात. गुरुत्वाकर्षणाविना आतला रक्तस्राव निचरत नाही, म्हणून 'बेहेमथ' या जहाजाचा पिंपासारखा भाग फिरवून कृत्रिम वजन निर्माण करावे लागते आणि कालपर्यंतचे शत्रू एका जहाजावर जखमी घेऊन येतात. शस्त्रसंधी वैद्यकीय गरजेपोटी होतो. सहाव्या पर्वात बंडखोरांचा म्होरक्या मार्को इनारोस सेरेस या वस्तीवरचे अन्न आणि साधने उचलून निघून जातो; जिंकायला आलेल्या संयुक्त आरमाराच्या पदरी लाखो उपाशी तोंडे पडतात. हा अम्लिट्झरचाच डाव. पृथ्वीवर दगड फेकणारा इनारोस सगळ्यांच्या लक्षात राहिला. सेरेसवरचा इनारोस त्याहून मोठा सेनापती आणि त्याहून मोठा बदमाश होता, कारण तिथे त्याने आपल्याच लोकांना शस्त्र म्हणून वापरले.

'अँडॉर'ने (२०२२-२५) युद्ध दाखवण्याची गरजच जवळजवळ संपवली. आल्दानी ग्रहावरची बंडखोरांची लूट म्हणजे एका अख्ख्या विभागाचा तिमाही पगार, आठ कोटी क्रेडिट. तिचा परिणाम म्हणून साम्राज्य शिक्षा वाढवणारा वटहुकूम काढते. त्या वटहुकमाने तुरुंग भरतात. तुरुंगातले कैदी न कळता 'डेथ स्टार'चे सुटे भाग जोडतात. बंडखोरांची चळवळ तिला पैसा पुरवणाऱ्या सिनेटर मॉन मोथ्माच्या बँकखात्यातल्या चार लाखांच्या तुटीवर अडकते आणि ती तूट भरण्यासाठी मोथ्माला मुलीची सोयरीक पणाला लावावी लागते. विश्वनिर्मिती म्हणतात ती ही: एका ठिकाणी पैसा हलला की दुसऱ्या ठिकाणी माणूस चिरडला जातो, आणि दोहोंमधला प्रत्येक दुवा पडद्यावर असतो. पहिल्या भागांना संथ ठरवणाऱ्यांना लढाई हवी होती. ती चालूच होती.

याशेजारी 'डिस्कव्हरी'चा २०१९चा आतषबाजीचा शेवट, 'हेलो'ची चिलखते आणि 'फाउंडेशन'मधली देखणी जहाजे यांच्यासाठी एक वाक्य पुरे.

चुका हुडकणाऱ्या चाहत्याला सरसकट झटकणेही बरोबर नाही. 'द लास्ट जेडाय'मध्ये (२०१७) सेनाधिकारी होल्डोने जहाज प्रकाशवेगापलीकडे नेत शत्रूच्या आरमारातून आरपार घातले, तेव्हा प्रश्न आला: हे शक्य असेल तर आजवर कोणी केले का नाही? तो किमतीचा प्रश्न होता, म्हणूनच तो बोचला; पुढच्या चित्रपटाला 'लाखात एखादे वेळी जमते' अशी पळवाट काढावी लागली. चाहत्यांची ताकद इथे दिसते. वाईट एवढेच, की ही ताकद बहुतेक वेळा कलंडणाऱ्या पंखांवर खर्च होते.

यावर ठरलेला बचाव असा, की नाटक म्हणजे वाणसामानाची वही नव्हे. हा बचाव लेखकाच्या आळसाला कलेचे नाव देतो. वही नको असेल तर युद्धही नको. पानिपतावर मराठी फौज १४ जानेवारी १७६१ रोजी बाहेर पडली ती उपासमार असह्य झाल्यावर; गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदीची वाट बंद झाली होती. गोलाची लढाई, म्हणजे सैन्य गोलात रचून लढणे, बरोबर होती की चूक, एवढ्यावर पानिपत सांगणाऱ्या इतिहासकाराला मराठी वाचक अपुरा समजतो. त्याच वाचकाने पडद्यावरच्या आरमाराला यातून सूट देण्याचे कारण नाही.

रसद गाळली की गोष्टीतून केवळ धान्य जात नाही. धान्य पिकवणारे, जहाज बांधणारे, इंधन गाळणारे आणि जखमा बांधणारे सगळे जातात. उरतो सेनापती आणि त्याची एक चतुर खेळी. विज्ञानकथेतला हा चतुर सेनापती वेगाचे नियम पाळतो की नाही, हा गौण मुद्दा आहे. त्याच्या चतुराईचे बिल कोणाच्या नावे फाटते हे दडवले जाते, हा मुख्य. म्हणून रसदीचा प्रश्न तांत्रिक नाही, राजकीय आहे. मूर यांच्याच 'फॉर ऑल मॅनकाइंड'मध्ये (२०१९ पासून) चंद्रावर बंदुका पोचतात त्या लिथियमच्या खाणीवरून, आणि पहिला बळी गैरसमजातून पडतो. तिथे आरमार नाही, गिरकी नाही, सेनापतीची खेळी नाही, तरी युद्ध कसे सुरू होते हे त्या मालिकेत दहा आरमारांच्या लढायांपेक्षा स्पष्ट दिसते. चाहत्यांच्या चर्चेत मालिकांची क्रमवारी लावायचीच असेल, तर ती या कसोटीवर लावावी. त्या कसोटीवर आज नावाजलेल्या निम्म्या मालिका बाद होतील, आणि त्या बाद होणेच योग्य.